गोळीला सोबत हवी



या व्याख्यानमालेत संतांवर, इतिहासावर विद्वानांची भाषणे आपण ऐकत आला आहात. आम्ही कामगार चळवळीतले. आमची शाळा कारखान्याच्या दारावर भरली. म्हणून विषयही तिथलाच घेतला आहे. एचआयव्हीची बाधा असलेला तरुण औषधावर टिकतो तो कशाच्या बळावर, हा तो विषय होय.

प्रथम औषधाविषयी. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटी हा औषधोपचार मोफत देण्यास प्रारंभ केला. आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती नेमाने घेतली, तर रक्तातील विषाणू इतके घटतात की तपासणीत सापडत नाहीत. असा माणूस काम करतो, संसार करतो, आणि शरीरसंबंधातूनही त्याच्यापासून दुसऱ्याला बाधा होत नाही. मात्र विषाणू मरत नाही, दबून राहतो. गोळीत खंड पडला की तो उचल खातो. औषध फुकट मिळते. नेम मात्र फुकट मिळत नाही.

हा नेम मोडतो कोठे? पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. भोसरीत तर १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. म्हणजे विद्या आणि औषध दोन्ही आपल्या दारी आहेत. परंतु चाकणला ठेकेदाराकडे लागलेला पोरगा एका खोलीत सहाजणांबरोबर राहतो. गोळ्यांची बाटली वाजते म्हणून तो गोळ्या कागदात बांधून ठेवतो. औषध आणायचा दिवस म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. रात्रपाळीत जेवणाची वेळ बदलते, तशी गोळीचीही चुकते.

आता आमच्याच चुकीची गोष्ट सांगतो. २०१९ साली असा एक बावीस वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला. बाधा जन्मापासूनची, आईबाप गेलेले, आजीने वाढवलेला. खाड्यामुळे काम जाईल अशी त्याला भीती होती. आम्ही मोठ्या सद्भावनेने साहेबांकडे गेलो, कारण सांगितले आणि रजा मिळवली. संध्याकाळच्या चहापर्यंत ते कारण सगळ्यांना ठाऊक झाले होते. कोणी शिवी दिली नाही. फक्त त्याचा चहाचा पेला वेगळा ठेवला. तिसऱ्या दिवशी त्याने खोली सोडली, आणि औषधही सोडले. पाचसहा महिन्यांनी आजीचा निरोप आला, तेव्हा तो क्षयाने अंथरुणाला खिळला होता. सुदैवाने वाचला. आम्हांला म्हणाला, "काका, रजा तेवढी मागायची होती, आजार कशाला सांगितलात?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला होता. या बाधेपायी कोणाला कामावरून काढता येत नाही. त्याच्या संमतीवाचून ही गोष्ट दुसऱ्याला सांगता येत नाही. शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. आम्ही वेतनाचे कायदे तोंडपाठ म्हणणारे, पण हा वाचला नव्हता!

आधार म्हणजे कींव नव्हे, आणि चौकशी तर नव्हेच नव्हे. १९५९ साली मद्रासच्या क्षयरोग केंद्राने दाखवून दिले, की घरी राहून औषध घेणारा क्षयरोगी आरोग्यधामातल्या रोग्याच्या तोडीने बरा होतो. पण औषध चुकता कामा नये. झिम्बाब्वेमध्ये याच बाधेचे तरुण दुसऱ्या तरुणांच्या घरी जातात, बोलतात, गोळीची आठवण देतात. तिथल्या पाहणीत, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, अशी सोबत मिळालेल्यांमध्ये उपचार निष्फळ ठरण्याचे प्रमाण बरेच कमी आढळले.

आमचा तो मुलगा आज पुन्हा कामावर आहे. त्याने स्वतः निवडलेला एक सोबती रोज रात्री नऊला फोनवर एवढेच विचारतो, "जेवलास का?" त्याचा अर्थ दोघांनाच ठाऊक. केंद्राच्या दिवशी पाळी बदलून घ्यायला दुसरा एकजण तयार असतो. कारण तो विचारीत नाही. आमची संघटनाही आता औषधपाण्याची रजा सगळ्यांसाठीच मागते, म्हणजे एकट्याकडे बोट जात नाही. ज्यांना कोणापाशी बोलवत नाही, त्यांच्यासाठी १०९७ हा मोफत दूरध्वनी आहे.

आपण आळंदीकर. नामसप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते, हे आपल्याला सांगायला नको. पहाऱ्याचा एक थकला की दुसरा ती गळ्यात घेतो. तू का थकलास, असे कोणी त्याला विचारीत नाही. आपल्या खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या पोरांसाठी एवढा पहारा आपल्याला देता येईल. पेला वेगळा ठेवू नका, आणि ठाऊक झालेली गोष्ट पोटात ठेवा.