डबा बंद कर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'परदेशातले अनुभव' असा विषय दिलाय. खरं सांगायचं तर सॉफ्टवेअरवाल्यांचे परदेशातले अनुभव म्हणजे विमानतळ, ऑफिस आणि हॉटेल. तिन्ही ठिकाणी एसी जरा जास्तच असतो. त्यामुळे सगळे देश सांगत बसत नाही. एका हॉटेलातली एकच रात्र सांगते. तिचा आपल्या परंदवडीशी संबंध आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

२०१९ च्या नोव्हेंबरात कामासाठी मी दोन आठवडे इस्रायलमध्ये होते. तिकडे कामाचा आठवडा रविवार ते गुरुवार. शेवटच्या शुक्रवार-शनिवारी आम्हाला जेरुसलेम बघायला पाठवलं आणि एका भारी हॉटेलात उतरवलं. खिडकीतून जुन्या शहराचा कोट दिसायचा, सोळाव्या शतकात सुलतान सुलेमानने बांधलेला. तिथल्या इमारतींना बाहेरून तिथलाच फिकट दगड लावायचा, हा नियम ब्रिटिशांच्या काळापासून आहे, म्हणून संध्याकाळी अख्खं शहर एकाच रंगाचं होतं. जवळच किंग डेव्हिड हॉटेल आहे, १९३१ सालचं. ब्रिटिश सरकारच्या कचेऱ्या तिथे असताना, १९४६ मध्ये, स्फोट होऊन ९१ माणसं गेली होती. आज त्याच्या दारात लग्नाचे फोटो काढत होते.

आमचं हॉटेल कोशर होतं. कोशर म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे चालणारं अन्न. डुक्कर नाही, कोळंबी-खेकडा नाही, खवले आणि पर असलेलाच मासा चालतो. अंड्यात रक्ताचा ठिपका दिसला तर ते टाकून देतात. पालेभाजीत कीड राहिली नाही ना, हे एकेक पान बघून तपासतात. सगळ्यात मोठा नियम असा, की मटण आणि दूध एकत्र येऊ द्यायचं नाही. एका ताटात तर नाहीच, एका पातेल्यातसुद्धा नाही. स्वयंपाकघरं दोन, भांडी दोन, धुवायची जागाही वेगळी. सकाळच्या नाश्त्याला चीज आणि दही इतक्या प्रकारचं की मोजता येईना. रात्री मात्र मटण, आणि चहात घालायला दुधाचा थेंब मिळायचा नाही.

माझ्याबरोबरचे सहकारी चक्रावले, मला मात्र हसू आलं. आमच्या आजीच्या गळ्यात माळ होती, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. आजोबांना तर मटण लागायचं. मग परसात वेगळी चूल, वेगळं पातेलं, वेगळी पळी, आणि ते पातेलं घराचा उंबरा कधी ओलांडायचं नाही. पंचतारांकित हॉटेलात लाखो रुपये खर्चून जे केलंय, ते आजीने तीन विटांवर केलं होतं.

शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू. आगगाडी बंद, बस बंद. विस्तव पेटवायचा नाही, विजेचं बटण दाबायचं नाही, लिहायचंसुद्धा नाही. हॉटेलातली एक लिफ्ट आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबत वर जाते, तशीच थांबत खाली येते. म्हणजे कुणाला बटण दाबावं लागत नाही. मी सातव्या मजल्यावर होते. गंमत म्हणून एकदा बसले. कुणीही काही न विचारता चालू राहणारा प्रोग्राम कसा असतो, हे आमच्या नव्या मुलांना शिकवायला मी अजून तेच उदाहरण देते.

त्या रात्री जेवणाचा मोठा हॉल भरला होता. कुटुंबंच्या कुटुंबं, लहान मुलं, गाणी. मी मटण खात नाही, ताटात पाव, बटाटा आणि कोशिंबीर. भूक भागेना, म्हणून पर्समधून डबा काढला. आईने दिलेले बेसनाचे लाडू, साजूक तुपातले! झाकण उघडते न उघडते तोच काळी टोपी घातलेले एक गृहस्थ घाईघाईने आले. कोशरवर देखरेख करणारा माणूस असतो, ते हेच. रागावले नाहीत, पण हाताने 'नाही, नाही' करत हिब्रूत काहीतरी सांगू लागले. आजूबाजूचे बघायला लागले. मला काय चुकलं तेच कळेना.

तेवढ्यात मागच्या टेबलावरून आवाज आला, "अगं पोरी, डबा बंद कर. बाहेरचं चालत नाही इथं. आणि तूप म्हणजे दूधच की गं!"

मराठी! जेरुसलेममध्ये!

सत्तरीच्या एक बाई. बेने इस्रायल. आपल्याकडे कोकणात यांना शनवार तेली म्हणायचे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून. अलिबागजवळ नौगावला त्यांचं जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, अशी त्यांची कथा आहे. आडनावं आपल्यासारखीच, पेणकर, रोहेकर, चेऊलकर. पुण्यातलं १८६७ चं लाल देऊळ आपण बसमधून कितीदा बघितलंय, पण ते ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे हे मला नोकरी लागल्यावर कळलं. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्रायलला गेले. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघतं.

या बाई आठ वर्षांच्या असताना आईवडिलांबरोबर गेल्या. नातवाच्या कार्यक्रमासाठी सगळं घर हॉटेलात उतरलं होतं. मी त्यांना मावशी म्हणू लागले. मी म्हटलं, "मावशी, फार लाज वाटली हो, सगळ्यांसमोर." त्या म्हणाल्या, "तुला लाडवासाठी थांबवलं. आम्हाला आमच्यासाठी थांबवलं होतं." १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या लग्नाआधी त्यांच्या आईची, आजीची, त्याही मागची चौकशी करायचा आदेश काढला. तुम्ही खरे ज्यू का, याची शहानिशा! जेरुसलेममध्ये त्यांनी धरणं धरलं. शेवटी १९६४ मध्ये सरकारनेच, हे सर्व बाबतींत ज्यू आहेत, असं जाहीर केल्यावर तो आदेश बदलला. मावशी तेव्हा पंधरा वर्षांच्या. वडील धरण्यावर, आणि घरी आई त्याच दोन वेगळ्या पातेल्यांत स्वयंपाक करत होती.

मी विचारलं, स्वयंपाकी कोण? त्या म्हणाल्या, यातले बरेच अरब असतात, पण विस्तव ज्यूनेच पेटवायचा. आणि त्यांच्या टेबलावरची वाइनची बाटली मी पुढे सरकवायला गेले, तर सुनेने हसत हसत ती आधीच उचलली. काही घरांत दुसऱ्या धर्माच्या माणसाने ओतलेली वाइन पीत नाहीत. ती फार अदबीने वागली. पण माझा हात मधेच राहिला.

मी उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिले ती आयुष्यात पहिल्यांदाच. तेही पंचतारांकित हॉटेलात, गुबगुबीत खुर्चीवर बसून.

आता जे सांगणार आहे, ते जिचं आहे तिला परवा फोन करून विचारलंय. ती हो म्हणाली, नाव घेऊ नको म्हणाली. ती आज इथे बसली आहे.

सहावीत असताना ती गणिताची वही घ्यायला आमच्या घरी आली होती. मेचा महिना, सोमाटण्याहून चालत आलेली. पाणी मागितलं. आजीने तिला पायरीवरच थांबवलं आणि वरून ओंजळीत पाणी ओतलं. तांब्या नंतर विस्तवावर धरला. मी दारात उभी होते. मला कळत होतं. आजी प्रेमळ होती, हेही खरं आहे. तिने मला वाढवलं, मी तिला नावं ठेवायला इथे उभी नाही. पण परसातल्या पातेल्याचा नियम आणि पायरीवरच्या ओंजळीचा नियम, दोन्ही एकाच हाताने पाळले जात होते, आणि पहिल्याचं मला कौतुक वाटत होतं तेव्हा दुसरा मी सोयीने विसरले होते. तेहतीस वर्षांत मी तिच्याशी त्याबद्दल एक शब्द बोलले नाही. व्हॉट्सअॅपवर वाढदिवसाचे केक मात्र पाठवत होते.

फोनवर मी माफी मागितली. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "पाणी आठवतं गं. थंड होतं, रांजणातलं. पण तू खाली बघत होतीस, ते जास्त आठवतं."

माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. आजही नाही.

मावशींचा नंबर घ्यायचा राहिला, शब्बाथला त्यांना लिहायचं नव्हतं. शनिवारी आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. मी वहीपेन घेऊन खाली आले, तोवर त्यांची गाडी निघून गेली होती. लाडू मी खोलीत बसून खाल्ले.

मला पंधरा मिनिटं दिली होती, बाईंनी दोनदा घड्याळ बघितलंय. खाली पानं मांडली आहेत. तिने घरून खोबऱ्याची चटणी आणलीये आणि तिच्या शेजारची जागा मी मघाशीच रुमाल टाकून धरून ठेवली आहे.