घरी राहिलेले मत

(बिबवेवाडी, पुणे येथील विहारात उपासक-उपासिकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दारू वाईट आहे हे सांगण्यासाठी मी आज आपल्यापुढे उभा राहिलेलो नाही. ते आपणांस माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे. आपल्यांपैकी पुष्कळांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. त्या वेळी पाचवे शील आपण स्वतःच्या तोंडाने उच्चारले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही मद्य न पिण्याची प्रतिज्ञा आहेच. तेव्हा घरातील बाटलीचा प्रश्न आपण आपल्यापुरता सोडविला आहे असे धरून मी पुढे जातो. ज्यांनी तो अद्यापि सोडविला नसेल त्यांची नावे मी घेणार नाही. मला बोलावयाचे आहे ते रस्त्यावरील बाटलीविषयी, आणि तेही उपदेशक म्हणून नव्हे तर वकील म्हणून.

आपल्या भागात, किंबहुना पुण्याच्या कोणत्याही भागात, संध्याकाळी फिरावयास निघा. ‘फॅमिली रेस्टॉरंट’ अशी पाटी दिसते आणि तिच्याखाली लहान अक्षरांत ‘परमिट रूम’ असे लिहिलेले असते. हा शब्द कोठून आला याचा विचार आपण क्वचितच केला असेल. आपल्या राज्यातील दारूविषयक कायद्याचे नाव आजही दारूबंदीचेच आहे. १९४९ सालचा मुंबई दारूबंदी अधिनियम आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने चालू आहे. कायद्याच्या दृष्टीने बंदी हा नियम व दारू हा अपवाद. पिणाऱ्यानेही परवाना जवळ बाळगावा अशी अपेक्षा असते, आणि जेथे बसून तो पितो ती खोली म्हणजे परमिट रूम. नियम बारीक अक्षरांत गेला आणि अपवादाला दिव्यांची रोषणाई मिळाली, इतकाच काय तो फरक पडला.

दारूचे दुकान आणि दारू देणारे हॉटेल यांत एक भेद आहे व तो आपल्या विषयात महत्त्वाचा आहे. दुकानातून माणूस बाटली घेऊन निघून जातो. हॉटेलात तो बसतो, पितो, आणि रात्री उशिरा आपल्याच गल्लीतून परततो. कामावरून उशिरा घरी येणाऱ्या मुलीला त्याच वेळी तोच रस्ता चालावा लागतो. परंतु याच भेदाची दुसरी बाजूही आहे. दुकानाचा परवाना गेला की दुकान गेले. हॉटेलाचा दारूचा परवाना गेला तरी हॉटेल जात नाही. जेवण देण्याचा परवाना अन्न व औषध प्रशासनाकडून वेगळा मिळतो आणि तो तसाच राहतो. तेव्हा ‘हॉटेल बंद पाडावयास निघाल्या’ असे कोणी आमच्या भगिनींना म्हणू लागल्यास त्यांनी शांतपणे उत्तर द्यावे, की थाळी चालू ठेवा, आम्हीसुद्धा जेवावयास येऊ. या पुणे शहरात हमाल पंचायतीची ‘कष्टाची भाकर’ १९७४ सालापासून कष्टकऱ्यांना जेवू घालीत आली आहे. अन्न विकण्यासाठी शेजारी बाटली ठेवावीच लागते असा काही निसर्गनियम नाही.

आता मूळ गोष्ट. २५ मार्च २००८ रोजी राज्य शासनाने एक आदेश काढला. त्या आदेशाने गावातील किंवा वॉर्डातील मतदारांना दारूचा परवाना बंद करण्यासाठी मतदान मागण्याचा अधिकार मिळाला. लोक त्याला ‘उभी बाटली, आडवी बाटली’ म्हणून ओळखतात, कारण मतपत्रिकेवर ही दोनच चिन्हे असतात. उभी म्हणजे चालू राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. वॉर्डातील एकूण मतदारांपैकी किंवा महिला मतदारांपैकी २५ टक्क्यांनी सह्यांनिशी मागणी करावयाची. सह्यांची पडताळणी होते, नंतर गुप्त मतदान होते, आणि निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला मिळाली तर जिल्हाधिकारी परवाना बंद करतात. केवळ स्त्रियांच्या मताने एखादा व्यवहार थांबू शकतो अशी तरतूद आपल्या कायद्यांत फार थोडी सापडेल. अमेरिकेतील टेक्सास राज्यात अशीच स्थानिक मतदाने होतात, आणि तेथे रेस्टॉरंटांत दारू देण्याविषयीचा प्रश्न मतपत्रिकेवर स्वतंत्रपणे विचारता येतो. तेथे दारू विकू द्यावी की नाही हे लोकांना आधी विचारले जाते. आपल्याकडे परवाना देताना वॉर्डाचे मतदान होत नाही. मतदान आहे ते दिलेला परवाना काढून घेण्यासाठी. म्हणजे दार उघडताना कोणी विचारीत नाही, आणि बंद करावयाचे तर सारा भार आपल्या खांद्यावर.

हा भार किती, ते नीट ऐकून घ्या. निम्म्याहून अधिक मते म्हणजे झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हेत. यादीत जेवढी नावे आहेत त्यांच्या निम्म्याहून अधिक. समजा, यादीत १,००० स्त्रियांची नावे आहेत. मतदानाच्या दिवशी ४८० जणी आल्या. ४७० जणींनी आडवी बाटली निवडली आणि दहा जणींनी उभी. नगरसेवकाच्या निवडणुकीत ४७० विरुद्ध १० असा निकाल लागता तर गुलाल उधळून मिरवणूक निघाली असती. येथे बाटली उभीच राहते, कारण ५०१ हव्या होत्या. न आलेल्या ५२० जणींपैकी कोणी भाकऱ्या थापीत होती, कोणी धुण्याभांड्याच्या कामावर होती, कोणाला नवऱ्याने जाऊ दिले नाही. त्यांच्यापैकी एकीचेही दारूवर प्रेम नव्हते. तरीही मोजणीत त्या साऱ्या उभ्या बाटलीच्या बाजूला बसल्या.

आणि ज्या जगातच नाहीत त्याही. याविषयी माझीच एक चूक आपल्याला सांगतो. माझी आत्या वारली त्यानंतर सात वर्षे तिचे नाव मतदार यादीत होते. दारूपायी तिच्या संसाराचे काय झाले होते ते मी लहानपणी पाहिलेले आहे. मी कायद्याचे महाविद्यालय पाहिलेला, न्यायालयात उभा राहणारा माणूस. नाव वगळण्याचा नमुना ७ भरावयास दहा मिनिटे लागतात. परंतु ती दहा मिनिटे मला सात वर्षांत सापडली नाहीत. त्या काळात आमच्या वॉर्डात असे मतदान झाले असते तर माझी आत्या उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली गेली असती. लग्न होऊन गेलेल्या मुली, खोली बदलून दूर गेलेली कुटुंबे, दोन ठिकाणी नाव असलेल्या सुना, या साऱ्यांचे असेच होते. म्हणून सह्या गोळा करण्याच्या आधी यादी हाती घ्यावी लागते. जे गेले त्यांच्यासाठी नमुना ७, ज्या मुली अठरा वर्षांच्या झाल्या त्यांच्यासाठी नमुना ६, ज्यांनी घर बदलले त्यांच्यासाठी नमुना ८. हे काम घोषणा देण्याइतके आनंददायक नाही, हे मी कबूल करतो.

पारनेर तालुक्यातील निघोज, सातारा जिल्ह्यातील जावळी अशी नावे आपण वाचली असतील, जेथे स्त्रियांनी बाटली आडवी केली. तो सारा ग्रामीण भाग आहे. गावात हजार-दीड हजार स्त्रिया असतात आणि प्रत्येकीचे दार प्रत्येकीला ठाऊक असते. पुणे शहराची गोष्ट निराळी. जानेवारी २०२६ च्या महानगरपालिका निवडणुकीत सुमारे ३५ लाख मतदार ४१ प्रभागांत वाटले गेले होते. म्हणजे सरासरीने एका प्रभागात ८५ हजारांच्या आसपास मतदार. त्यांतील स्त्रिया चाळीस हजारांच्या घरात, आणि त्यांच्या २५ टक्के म्हणजे दहा हजार सह्या. एका परमिट रूमसाठी दहा हजार सह्या, आणि नंतर वीस हजारांहून अधिक मते! ज्या बाईला ती परमिट रूम आपल्या खिडकीतून दिसते तिचे मत, आणि जिने ते हॉटेल जन्मात पाहिले नाही अशा प्रभागाच्या दुसऱ्या टोकाच्या बाईचे मत, दोन्ही सारखी. गावासाठी शिवलेला अंगरखा शहराच्या अंगावर चढविल्यासारखे हे झाले आहे.

मार्च २०२५ मध्ये विधानसभेत शासनाने जाहीर केले, की महापालिकेच्या वॉर्डात झालेल्या मतदानापैकी ७५ टक्के मते बंदीच्या बाजूने पडल्यास दुकान बंद होईल, आणि गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील नव्या दुकानास संस्थेचे ना-हरकत पत्र लागेल. झालेल्या मतदानावर मोजणी ही आपल्या दृष्टीने मोठी सवलत आहे, कारण मग घरी राहिलेले मत बाटलीच्या पारड्यात पडत नाही. तथापि वकील म्हणून मी इतकेच सांगेन, की सभागृहातील घोषणा आणि राजपत्रातील आदेश या दोन वस्तू आहेत. अर्ज कराल त्या दिवशी लागू असलेला आदेश हातात घेऊनच अर्ज करा. माझे स्वतःचे मत असे आहे, की टक्केवारीपेक्षाही क्षेत्राची मागणी आपण अधिक नेटाने केली पाहिजे. परवान्याच्या भोवतीच्या चार-सहा मतदान केंद्रांच्या यादीलाच वॉर्ड मानावे. ज्यांना त्रास, त्यांचा कौल.

आता एका आक्षेपाकडे वळतो. तो आपल्याच तरुणांकडून येतो, म्हणून त्याला टाळून चालणार नाही. ते म्हणतात, बाबासाहेब तर दारूबंदीच्या विरुद्ध होते. हे खोटे नाही. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आजच्या अनुच्छेद ४७ मधील दारूबंदीच्या कलमावर चर्चा झाली. आदिवासींच्या बाजूने जयपालसिंग यांनी आणि कोल्हापूरच्या खर्डेकरांनी विरोध केला. बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारली, परंतु हे मार्गदर्शक तत्त्व आहे, राज्यावर त्याची सक्ती नाही, हेही स्पष्ट केले. पुढे १९५१ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करून तो महसूल वाचवावा अशी मागणी होती. आणि पाच वर्षांनी त्याच बाबासाहेबांनी लाखो लोकांना मद्य न पिण्याची प्रतिज्ञा दिली. ते स्वतः कधी पीत नव्हते.

यात विसंगती कोठे आहे? सरकारने दंडुका घेऊन साऱ्या प्रांताला निर्व्यसनी करावे ही एक गोष्ट, आणि माणसाने स्वतः शील घ्यावे ही दुसरी. पहिलीवर त्यांचा विश्वास नव्हता, दुसरीवर होता. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी आली, आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठविली. ज्यांनी दिली त्यांनीच काढून घेतली. वॉर्डाचे मतदान या दोहोंच्या मधले आहे. ते कोणाच्या पेल्यावर बंदी घालीत नाही. आमच्या दाराशी हा धंदा नको, एवढेच शेजाऱ्यांनी मिळून सांगण्याची ती रीत आहे. म्हणून या कामात विहाराचा झेंडा पुढे करू नका. मातंग, मराठा, मुसलमान, मारवाडी, सर्व घरांतील स्त्रियांच्या सह्या त्या कागदावर हव्यात. पाचवे शील आपले आहे, रस्ता सर्वांचा आहे.

दुसराही आक्षेप आहे आणि तो मला अधिक बोचतो. आपलीच मुले त्या परमिट रूममध्ये वेटर आहेत. तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यांत मद्याचा व्यापार आहे, पण टेबल पुसणारे पोर व्यापारी नव्हे, ते पोट भरण्यासाठी गेलेले आहे. परवाना गेला तर हॉटेल राहील हे खरे, पण मालक दहांपैकी चार पोरे कमी करील हेही खरे. सह्यांचा कागद घेऊन त्या पोराच्या आईच्या दारी जाल तेव्हा तिला हे आधीच सांगा. तिने सही दिली नाही तर तिच्यावर बहिष्कार घालू नका. बहिष्कार म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. तसेच एक परवाना बंद झाला म्हणजे दारू संपली असेही समजू नका. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, ती परवान्याच्या दारूने नव्हे. हातभट्टीची तक्रार हे वेगळे काम आहे आणि तेही करावे लागेल.

एक शेवटची कायदेशीर बाब, जी आपल्या पुष्कळ विहारांच्या विश्वस्तांच्या ध्यानात नसते. शाळा व धार्मिक स्थळे यांच्यापासून नियमांनी ठरविलेल्या अंतराच्या आत दारूचा परवाना देता येत नाही. परंतु धार्मिक स्थळ म्हणून गणले जाण्यासाठी ते नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाच्या मालकीचे किंवा व्यवस्थापनाखालील असावे लागते. वर्गणी काढून बांधलेले, पंचवीस वर्षे वंदना चाललेले, पण धर्मादाय आयुक्तांकडे नोंद नसलेले विहार या नियमाच्या कामी येत नाही. उद्या कोणी बाजूच्या गाळ्यात परवाना मागितला तर आपण बुद्धमूर्तीकडे बोट दाखवू आणि अधिकारी कागद मागेल. तो कागद आपल्या विहाराकडे आहे की नाही, हे विश्वस्तांनी आज घरी जाण्यापूर्वी कपाट उघडून पाहावे.

पुढील रविवारी वंदनेनंतर आपण येथेच बसू. आपापल्या मतदान केंद्राच्या यादीची प्रत प्रत्येकाने आणावी आणि आपल्या चाळीतील, आपल्या गल्लीतील नावे एकेक करून वाचावीत. नमुना ७ चे कोरे कागद मी घेऊन येतो. यादीची अक्षरे फार बारीक असतात, तेव्हा वडीलधाऱ्यांनी चष्मा विसरू नये.