जुन्या मोटारसायकलीची खरेदी व फेरफार



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर मोटारसायकल हा विषय कसा काय, असे चालकांनी आम्हांस विचारले. आमचे उत्तर सोपे आहे. शनिवारी पाळी सुटल्यावर चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून पाहावे. पाठीवर पिशवी बांधलेली पोरे मोठ्या मोटारसायकली काढून थेट हमरस्त्याला लागतात. कोणी सोलापूर रस्त्याने टेंभुर्णी-बार्शी करीत लातूरला जातो, कोणी बीडला, कोणी नांदेडला. शेकडो किलोमीटरचा पल्ला. सणासुदीला खाजगी बसचे भाडे काय होते ते सर्वांस ठाऊक आहे, आणि एस.टी.त जागा मिळाली तरी सोमवारच्या पहिल्या पाळीला ती पोचवीलच असे नाही. तेव्हा लांब पल्ल्याची वेगवान गाडी ही श्रीमंताच्या पोराची चैन आहे, हा समज आम्ही आधीच बाजूला ठेवतो.

इंग्रजीत जिला स्पोर्ट टूरिंग म्हणतात ती गाडी म्हणजे शर्यतीच्या आणि प्रवासी गाडीच्या मधला प्रकार. इंजिनात जोर भरपूर, पण बैठक अशी की पाच तासांनी मनगटे आणि कंबर शाबूत राहावी. आमच्या भागात या कामाला जुनी डॉमिनार ४०० फार चालते. बजाजने ती डिसेंबर २०१६ मध्ये आणली. ३७३ सी.सी.चे, पाण्याने थंड होणारे, एकाच सिलिंडरचे इंजिन, आणि वजन सुमारे १८२ किलो. चाकणला ती निघू लागली तेव्हा जोडणीच्या कामावर स्त्री-कामगारांची तुकडी होती, याचा आम्हांस त्या वेळी फार आनंद झाला होता. पण असल्या गाडीचे सुटे भाग जो कंत्राटी पोरगा घडवतो त्याला नवी गाडी परवडत नाही. तो तीच गाडी चार-पाच वर्षांनी दुसऱ्याच्या हातची घेतो.

येथे पहिला धोका येतो, तो इंजिनात नसून कागदात आहे. दलाल सांगतो, “मालकाची सही झालेला कोरा फॉर्म आहे, नाव नंतर चढव.” हे ‘नंतर’ दोन-दोन वर्षे येत नाही. आमच्या कचेरीत असे एक प्रकरण आले होते. गाडी पोराची, पैसे पोराचे, पण आर.सी. पुस्तकावर नाव पहिल्या मालकाचे. रात्री दुभाजकावर गाडी गेली. समोर दुसरे वाहन नाही, म्हणजे दावा लावायला तिसरा कोणी नाही. मालक-चालकासाठी जो १५ लाखांचा व्यक्तिगत अपघात विमा २०१८ पासून ठरला आहे, तो नोंदणी ज्याच्या नावावर त्याचा. पोराच्या बायकोला त्यातले काही मिळाले नाही. विमा कंपनीने कठोरपणा केला असे आपण म्हणू, पण करार तिच्या बाजूने होता.

दुसरीची गाडी मागून नेलेल्याची गत काय होते ते सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली निंगम्मा यांच्या खटल्यात सांगितले आहे. गाडी मागून नेणारा मालकाच्या जागी उभा राहतो, म्हणून चूक कोणाची हे न पाहता भरपाई देणाऱ्या तेव्हाच्या कलम १६३-अ खाली त्याच्या वारसांचा दावा चालत नाही. उलट बाजूही ऐकून ठेवा. २०१८ साली नवीन कुमार यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले की गाडी कितीही हातांतून गेलेली असो, नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. म्हणजे नाव न बदलण्यात विकणाराही बुडतो आणि घेणाराही. सुरक्षित राहतो तो दलाल.

म्हणून फॉर्म २९ आणि ३० विकणाऱ्याच्या समक्ष भरावेत. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवावयाचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत. विम्यावर नाव चढवण्याचा अर्ज १४ दिवसांत द्यावा. गाडीवर कर्ज होते काय ते पाहावे, आणि असेल तर फायनान्सवाल्याची सही असलेला फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. चलनांची थकबाकी त्याच दिवशी पाहून घ्यावी.

आता यंत्र. गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिनाला हात लावून पाहावा. विकणाऱ्याने ते आधीच तापवून ठेवले असेल तर गार इंजिनाची कुरकुर त्याला तुम्हांला ऐकवायची नाही, असे समजावे. चॅसीवरचा नंबर पुस्तकातल्या नंबराशी ताडावा. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे. मध्येच खाच लागल्यासारखे अडकले तर कोनसेट गेला. फोर्कच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसला तर सील गेले. हँडल ज्या टोकांवर अडते ती टोके चेपलेली असतील, किंवा तेथला रंग नवा असेल, तर गाडी कोठेतरी आपटलेली आहे. स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकले असतील तर चेनसकट सारा संच बदलावा लागेल, ती किंमत सौद्यातून कापून घ्यावी. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुना रबर टणक होतो आणि पावसात धरत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. डॉमिनार सुरुवातीला दोन प्रकारांत विकली गेली, एबीएस असलेली आणि नसलेली. १२५ सी.सी.वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सरसकट सक्तीचे झाले ते १ एप्रिल २०१९ पासून. तेव्हा २०१७ची गाडी स्वस्त का मिळते, याचे उत्तर कधी कधी ब्रेकमध्येच असते. दहा-पंधरा हजार वाचले म्हणून बिनएबीएसची घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गाडी घेतली की हौस सुरू होते. पहिल्याच पगाराला साडीगार्ड जातो, चेनचे कव्हर जाते, आरसे जातात, मूळ सायलेन्सर जाऊन गर्जना करणारा येतो. आता पाहा, १९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्राच्या फिरत्या भागांना कुंपण सक्तीचे केले. प्रेसवरचा गार्ड उत्पादन वाढावे म्हणून काढला गेला आणि पोरांची बोटे गेली, यासाठी आम्ही किती वेळा काम थांबवले असेल! साडीगार्ड म्हणजे तोच गार्ड. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मे चाक झाकणारी योजना नियमानेच सांगितली आहे. कारखान्यात मालक गार्ड काढतो म्हणून आम्ही भांडतो, आणि येथे आमचाच गडी स्वतःच्या बायकोच्या पदराशेजारचा गार्ड शोभा दिसावी म्हणून काढतो. याला काय म्हणावे?

कायदाही हौसेच्या बाजूचा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखानदाराने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. जप्त केलेले सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली चिरडतात, ते आपण पाहिलेच आहे. पंधरा-वीस हजारांचा असा चुराडा होताना पाहून आम्हांस पोरांची दया येते, सायलेन्सरची नाही.

मग पैसा घालावा कशात? आधी टायर, मग ब्रेकचे पॅड आणि ब्रेकचे तेल, मग चेन. त्यानंतर बैठक. गादीचा फोम चांगल्या कारागिराकडून भरून घेतला तर टेंभुर्णीला उतरून पाठ धरावी लागत नाही. वारा छातीवर येत असेल तर उंच काच बसवावी. जादा दिवे लावताना मूळ तारेवर जोड मारू नये, वेगळा रिले आणि फ्यूज घालावा, नाही तर बार्शीच्या अलीकडे अंधारात उभे राहण्याची पाळी येते. सामानाच्या पेट्या लावल्या तर जड वस्तू खाली आणि शक्य तितकी पुढे ठेवावी, कारण मागच्या टोकाला वजन पडले की पुढचे चाक हलके होते व हँडल थरथरते. मागच्या टायरची हवाही पुस्तकात दोघांसाठी दिली आहे तेवढी करावी.

पेट्या भरल्या, मागे माणूस बसला, की गाडीचे नाक वर होते आणि दिवा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. निघण्याच्या आदल्या रात्री तशीच भरलेली गाडी भिंतीसमोर उभी करून प्रकाश कोठे पडतो ते पाहावे, वर चढला असेल तर स्क्रू फिरवून खाली आणावा. दहा मिनिटांचे काम आहे, आणि या फेरफाराला आर.टी.ओ.ची परवानगी लागत नाही.