हळद, मूलपेशी आणि घड्याळ
(वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



अशा शुभदिनी काही गोडधोड बोलावे अशी रीत आहे. पण गेल्या वर्षी माझ्या घरी जे घडले ते आपणांस सांगितल्यावाचून राहवत नाही.

एका पहाटे सासूबाईंच्या हातातला पेला गळून पडला. तोंड वाकडे झाले, जीभ अडखळू लागली. आम्ही काय केले? वाऱ्याचा विकार म्हणून कोमट तेल चोळले आणि हळदीचे दूध पाजले. इस्पितळात पोचेपर्यंत सहा तास उलटले होते. डॉक्टर म्हणाले, "बाई, लवकर आणायचे होते!" मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आमची ती वेळ टळली होती.

हात लुळा राहिला. मग कोणी सुचविले, एके ठिकाणी मूलपेशींचे इंजेक्शन देऊन बरे करतात. तेथे रक्कम लाखांत सांगितली. सासूबाईंच्या पाटल्या मोडायच्या ठरल्या. मी म्हटले, आधी चौकशी करू.

तेव्हा कळले ते असे. आपल्या देशातच पाच केंद्रांत १२० रोग्यांवर प्रयोग झाला. निम्म्यांना त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून दिल्या. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: अपाय नाही, पण सहा महिन्यांनी फायदाही दिसला नाही. शिरेतून सोडलेल्या पुष्कळ पेशी फुप्फुसांतच अडकतात, मेंदूत पोचलेल्याही फार टिकत नाहीत. म्हणून वनस्पतींतली द्रव्ये जोडीला देऊन त्या टिकतात का, हे शास्त्रज्ञ उंदरांवर पाहत आहेत. आशा खरी आहे, पण ती अजून प्रयोगशाळेत आहे.

मग वनस्पती निरुपयोगी का? मुळीच नाही. सेलरीच्या बियांत सापडलेले एक द्रव्य चीनमध्ये औषध म्हणून देतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत बाराशेंहून अधिक रोगी होते. सर्वांवर गुठळीचे उपचार झालेच होते. त्यांत हे औषध मिळालेल्यांपैकी शंभरात सुमारे ५७ जण चांगले सावरले, न मिळालेल्यांपैकी ४४. म्हणजे वनस्पतीही वेळेवर केलेल्या उपचारांच्या जोडीनेच कामाला आली. आपली हळद मात्र खाल्ली तर तिचे द्रव्य रक्तात फारच थोडे उतरते. आणि गिळता येत नसलेल्या माणसाला दूध पाजणे म्हणजे ते श्वासनलिकेत जाण्याची भीती!

तेव्हा भगिनींनो, तीन खुणा ध्यानात ठेवा: चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणे बोबडे. यांतली एकही अचानक दिसली तर घड्याळ पाहा आणि १०८ ला दूरध्वनी करा. तोंडाने काही देऊ नका, ॲस्पिरिनही नाही. मेंदूत रक्तस्राव झाला आहे की गुठळी, हे यंत्राने तपासल्यावाचून कळत नाही. उशीर झाला तरी न्याच; काही रोग्यांची गुठळी नळी घालून नंतरही काढता येते.

पाटल्या मोडल्या नाहीत. व्यायाम शिकविणाऱ्या बाई वर्षभर घरी येत राहिल्या. सासूबाई आता उजव्या हाताने वाती वळतात. जरा जाड होतात. पण रोज देवापाशी त्याच लावतो.