तारणाची खात्री आणि आज्ञापालन



ख्रिस्ती माणूस 'माझे तारण झाले आहे' असे म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात सहज शंका येते की, खात्रीच झाली तर आज्ञा पाळावयाच्या कशासाठी? ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडते.

रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु धर्मगुरूंचे म्हणणे मुकाट्याने मानावे, ही तेथील अपेक्षा त्यांना रुचली नाही. भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रातून मोठा वाद झाला. एक जोखड झुगारून आलेली ही बाई दुसरे मानेवर घ्यावयास तयार नव्हती. आज्ञा पाळावयाची ती देवाची, हा त्यांचा आग्रह.

१८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढले. कामात कसूर नव्हती. मनाला मात्र शांती नव्हती. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. तारण हे कष्टाचे वेतन नव्हे, ते दान आहे.

मग बाई स्वस्थ बसल्या काय? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि उपासमारीने गांजलेल्या शेकडो मुली व विधवा घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. साध्या बायकांना कळावे म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

घरात गडीही पाणी शेंदतो आणि लेकही शेंदतो. गड्याचे लक्ष पगाराकडे असते. लेकाला घर आपलेच असते. पण 'घर माझे' म्हणणारा लेक घागरीला कधी हातच लावीत नसेल, तर त्याचे ते म्हणणे खरे कसे मानावे? खात्री आज्ञापालनाने विकत मिळत नाही. पण आज्ञापालनावाचून ती ओळखूही येत नाही.

आपल्या ह्या छत्रपती संभाजीनगराहून पैठण फार दूर नाही. रामेश्वराला न्यावयाचे गंगाजल नाथांनी तहानेल्या गाढवाच्या मुखी घातले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. दोन धर्मांचे सिद्धान्त एक करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्याचे मन भरलेले आहे, त्याची कावड हिशेब न करता रिती होते, एवढे तरी आपण सारे मान्य करू.