अवयवदान, लोकविश्वास आणि वशिला

(ज्ञातिमंडळाच्या अहिल्यानगर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विद्यार्थिसाहाय्य, वसतिगृह, वधूवरसूचन या आपल्या नेहमीच्या विषयांतून थोडा वेळ मागून घेऊन अवयवदानाविषयी चार शब्द बोलण्याची आम्ही अनुज्ञा घेतो.

मरणोत्तर मूत्रपिंड, यकृत वा हृदय देऊन दुसऱ्याचे प्राण वाचविता येतात, हे आता पुष्कळांस ठाऊक आहे. तरीही प्रत्यक्ष देण्याची वेळ आली म्हणजे मन कचरते. याचे कारण केवळ अंधश्रद्धा नव्हे. जुलै २०१६ मध्ये मुंबईस पवई येथे आणि २०२२ साली पुण्यात, खोट्या कागदपत्रांच्या आधारे परक्या स्त्रीस रुग्णाची पत्नी भासविल्याची प्रकरणे उघडकीस आली. अशा वार्तांनी विश्वासास तडा जातो.

म्हणून नियम काय आहे, हे प्रत्येकाने जाणून घेतले पाहिजे. १९९४ च्या कायद्याने अवयवांचा क्रयविक्रय गुन्हा ठरविला. मेंदूमृत्यूचा निर्णय चार डॉक्टर देतात. किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी होते. प्रत्यारोपण करणारा शल्यवैद्य त्या चौघांत असू शकत नाही. पुढे अवयव कोणास द्यावयाचा, हे मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रांमार्फत, रक्तगट व प्रतीक्षायादी पाहून ठरते. तेथे जात विचारली जात नाही.

आपल्यापैकी कोणी आजारी पडला की ज्ञातीतला डॉक्टर कोण, अधिकारी कोण, याचा शोध सुरू होतो. ही रीत जुनी आहे. रुग्णाच्या नातलगांची पुण्यास उतरण्याची सोय करणे, डायलिसिसच्या खर्चास हातभार लावणे, यांत ज्ञातिप्रेम शोभून दिसते. यादीतील क्रमांक पुढे सरकविण्यासाठी शब्द टाकण्यात मात्र ते शोभत नाही. आपला माणूस वशिल्याने एक पायरी वर चढला, तर कोणी अनोळखी माणूस एक पायरी खाली ढकलला जातो. आणि ही गोष्ट कर्णोपकर्णी झाली की पुढचे दाते माघार घेतात.

मंडळापुढे आमच्या दोन सूचना आहेत. ज्यांस अवयवदान करावयाचे असेल त्यांनी संकल्प नोंदवून तो घरच्या मंडळींस स्पष्ट सांगावा. कारण अखेरची संमती त्यांच्याकडेच मागितली जाते. आणि मंडळाने एखादा जाणता कार्यकर्ता रुग्णाच्या कुटुंबाबरोबर द्यावा. त्याने कागद वाचून समजावून द्यावेत, आणि पैशांची बोलणी करणारा मध्यस्थ आढळल्यास पोलिसांस कळवावे.

ज्या घरातून अवयव गेला, त्या घरास तो न्यायाने गेला एवढेच समाधान उरते. ते हिरावून घेण्याचा अधिकार कोणासही नाही. आपल्या ज्ञातीसही नाही.