सिलिमनची माणसं



फिलिपिन्समध्ये नेग्रोस नावाचं एक मोठं बेट आहे. त्याच्या दक्षिण टोकाकडे, समुद्राला अगदी लागून, दुमागेते हे शहर. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तिथं उतरायला जागा मिळणं मुश्कील. गणपतीला कोकणात चाकरमान्यांची रीघ लागते ना, तशी त्या आठवड्यात दुमागेतेला सिलिमन विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांची लागते. 28 ऑगस्ट हा सिलिमनचा स्थापनादिन. कुणी कॅलिफोर्नियाहून येतं, कुणी आखातातून, कुणी मनिलाहून. मैदानात स्टॉल लागतात, तुकड्यातुकड्यांची मिरवणूक निघते, आणि शिक्षण संपवून पन्नास वर्षं झालेली मंडळीही तिच्यात हौसेनं चालतात.

मला हे सगळं कळलं ते मस्कतमध्ये. मी पेशानं नर्स. शिक्षण मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात झालं आणि नोकरीची उमेदीची वर्षं मस्कतला गेली. आमच्या वॉर्डात फिलिपिनो सिस्टर पुष्कळ. त्यांतली एक वयानं माझ्याहून मोठी, सिलिमनच्या नर्सिंग कॉलेजात शिकलेली. हे कॉलेज 1947 मध्ये निघालेलं. तिची एक खोड होती. ड्यूटी बदलताना आम्ही एकमेकींना ओव्हर द्यायचो, म्हणजे कुठल्या पेशंटचं काय चाललंय ते सांगायचो. सगळ्या भराभरा उरकायच्या : चार नंबर, सलाईन चालू, सात नंबर, ताप उतरला. ही मात्र प्रत्येक खाटेजवळ जाऊन उभी राहायची. पेशंटचं नाव घ्यायची, त्याच्या देखत सगळं सांगायची आणि शेवटी त्यालाच विचारायची, ‘माझ्याकडून काही राहिलं का?’ घरी जायची घाई असलेल्या आम्हा बायकांना याचा भारी वैताग. एकदा मी तोंडावर बोलूनही दाखवलं. तर म्हणाली, ‘आमच्या शाळेत असंच शिकवलंय.’ तिची शाळा सुटून जमाना झाला होता! पण शाळेचा विषय तिच्या बोलण्यात असा यायचा, जसं काही आजही संध्याकाळी तिथं जाऊन जाब द्यायचाय.

एका रात्रपाळीत दोघींच्या शाळांच्या कुंडल्या मांडल्या, तर घराणं एकच निघालं. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन पंथाचं परदेशी मिशन मंडळ न्यू यॉर्कला होतं. त्या मंडळानं डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांना 1889 मध्ये आपल्याकडे धाडलं आणि 1894 मध्ये मिरजेचं हॉस्पिटल उभं राहिलं. त्याच मंडळाचे डेव्हिड हिबर्ड आणि त्यांच्या पत्नी लॉरा यांनी 28 ऑगस्ट 1901 रोजी दुमागेतेची शाळा सुरू केली. मिरज कुठं आणि नेग्रोस कुठं! त्या रात्रीपासून ती मला ‘चुलतबहीण’ म्हणायला लागली.

शाळेला पैसे मिळाले ते होरेस सिलिमन यांच्याकडून. न्यू यॉर्क राज्यातल्या कोहोज गावचे हे गृहस्थ, धंद्यातून निवृत्त झालेले. फिलिपिन्समध्ये मुलांना हातानं काम शिकवणारी शाळा निघावी म्हणून त्यांनी मंडळाला दहा हजार डॉलर दिले. जागा शोधायला हिबर्ड सेबू वगैरे मोठी शहरं पाहत हिंडत होते. दुमागेतेला गेले ते वाकडी वाट करून. गावचे प्रमुख मेलितोन लारेना यांनी आगतस्वागत केलं, हिबर्डना गाव आवडलं आणि शाळा तिथंच निघाली. पहिल्या दिवशी मुलं पंधरा. चार लांबलचक डेस्क, दोन टेबलं, दोन खुर्च्या आणि थोडी पुस्तकं. हिबर्ड हे अध्यक्ष आणि लॉराबाई म्हणजे सगळा शिक्षकवर्ग. फीला पैसे नसतील त्यानं शाळेत काम करून शिकावं, अशी सोय होती. 1912 पासून मुली येऊ लागल्या, 1938 मध्ये शाळेचं विद्यापीठ झालं.

आता यातली दुसरी बाजूही सांगायला हवी. स्पेननं 1898 च्या तहात फिलिपिन्स अमेरिकेच्या हवाली केला, दोन कोटी डॉलर घेऊन. फिलिपिनो लोकांना विचारलं कुणी? ते स्वातंत्र्यासाठी अमेरिकी फौजेशी लढले आणि शाळेची पहिली घंटा झाली तेव्हा ती लढाई पुरती थांबलेलीही नव्हती. म्हणजे शाळा आली ती जेत्यांच्या मागोमाग, त्यांची भाषा आणि त्यांची क्रमिक पुस्तकं घेऊन. शिवाय बहुसंख्य कॅथलिक असलेल्या मुलखात प्रोटेस्टंट पंथाची. लिओपोल्दो रुईझ यांच्या रूपानं पहिला फिलिपिनो अध्यक्ष लाभायला 1950 चं दशक उजाडावं लागलं. माझ्या मैत्रिणीला हे सारं तोंडपाठ होतं. शाळेचं ऋण मानताना तिनं यातलं काही झाकलं नाही, आणि हे सांगताना शाळेचं ऋण नाकारलंही नाही. मिशनच्या शाळेत शिकून बाहेर पडलेल्या आपल्याकडच्या कितीतरी घरांना यातलं अवघडलेपण वेगळं समजावून सांगायला नको.

मला वाटतं, परक्यांनी काढलेली ही शाळा गावाची झाली ती दुसऱ्या महायुद्धात. 1942 मध्ये जपानी फौज दुमागेतेत उतरली. तेव्हा शिक्षक आणि विद्यार्थी बेटावरच्या डोंगरांत शिरले आणि तिथं वर्ग भरवू लागले. लोक त्याला जंगल विद्यापीठ म्हणत. भौतिकशास्त्र शिकवणारे हेन्री रॉय बेल गनिमी लढवय्यांना जाऊन मिळाले आणि रेडिओची जुळवाजुळव करून त्यांनी बाहेरच्या दोस्त फौजेशी संपर्क साधायला हातभार लावला. आज रेडिओवरच बोलतेय, म्हणून या मास्तरांना माझा खास नमस्कार. पुढं 1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला, तेव्हा पहिल्याच झपाट्यात जी विद्यापीठं बंद झाली त्यांत सिलिमन होतं. शिक्षक, विद्यार्थी अटकेत गेले. सत्तेला डोळ्यांत खुपावं असं काहीतरी तिथं शिकवलं जात असणार, एवढं त्यावरून दिसतं.

सिलिमनच्या नामवंतांची यादी मोठी आहे. देशाचे माजी राष्ट्राध्यक्ष कार्लोस गार्सिया तिथं शिकले, चित्रपट दिग्दर्शक एदी रोमेरो तिथले. पण यादी वाचून दाखवायला मी आलेली नाही. मोठी माणसं कुठल्याही जुन्या संस्थेला दाखवता येतात. शिकून मोठं झाल्यावर ती शाळेकडे पाठ फिरवून गेली की मागं वळली, हे मला पाहावंसं वाटतं.

एदिथ तिएम्पो आणि त्यांचे पती एदिल्बर्तो यांचंच घ्या. दोघं लेखक. अमेरिकेत आयोवाला सर्जनशील लेखनाचं शिक्षण घेऊन ती दोघं दुमागेतेला परतली. मनिलाला त्यांना काय कमी मान मिळाला असता? पण 1962 मध्ये त्यांनी सिलिमनमध्ये नवोदित लेखकांची कार्यशाळा सुरू केली. देशभरातली तरुण पोरंपोरी उन्हाळ्यात आपली हस्तलिखितं घेऊन यायची आणि जाणत्या लेखकांसमोर ती ओळ न् ओळ तपासली जायची. ही कार्यशाळा त्या दोघांच्या पश्चातही चालू राहिली. एदिथबाईंना 1999 मध्ये ‘राष्ट्रीय कलावंत’ हा तिथला कलाक्षेत्रातला सर्वोच्च सन्मान मिळाला.

दुसरे अँजेल आल्काला. त्यांच्यावर मात्र मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं माहेर वेंगुर्ल्याचं आणि मासळीचं दुखणं मला घरचं आहे. आल्कालांचं लहानपण नेग्रोसच्याच किनाऱ्यावर, मत्स्यतळ्यांवर राबणाऱ्या वडिलांच्या घरात गेलं. सिलिमनमध्ये 1951 साली ते जीवशास्त्राचे पदवीधर झाले, पुढं अमेरिकेत स्टॅनफर्डला डॉक्टरेट केली आणि परतून आपल्याच शाळेत शिकवायला लागले. त्या काळी तिकडचे कोळी मासळीसाठी प्रवाळात सुरुंग उडवायचे, विषही घालायचे. मासळी दरसाल घटत होती. आल्काला म्हणाले, थोडासा समुद्र अजिबात हात न लावता सोडून द्या. 1974 मध्ये सेबूजवळच्या सुमिलोन बेटाच्या प्रवाळाचा सुमारे चौथा हिस्सा असा राखून ठेवला. राखलेल्या भागात मासे वाढले आणि वाढलेले मासे बाहेर येऊन कोळ्यांच्याच जाळ्यात पडू लागले.

मग राजकारण आडवं आलं. 1984 मध्ये राखण मोडली आणि लोकांनी तो भाग धुऊन नेला. गंमत अशी की मासेमारीचं क्षेत्र वाढूनही एकूण मासळी वाढली नाही, उलट जवळजवळ निम्म्यावर आली. आल्काला आणि त्यांचे ऑस्ट्रेलियन सहकारी गॅरी रस यांनी त्याची आकडेवारी ठेवली. जे पटवून द्यायला एरवी शंभर व्याख्यानं लागली असती, ते या नुकसानीनं सिद्ध केलं. सागरी राखीव क्षेत्रांबद्दल बोलताना जगभरचे अभ्यासक हा दाखला देतात.

आपो बेटाची गोष्ट याहून सुखाची. दुमागेतेच्या दक्षिणेला, होडीनं गाठायचं हे चिमुकलं बेट, वस्ती हजाराच्या आसपास. सिलिमनच्या लोकांनी तिथल्या कोळ्यांशी वर्षानुवर्षं नुसती बोलणी केली. जबरदस्ती नाही, सरकारी फतवा नाही. काहींना सुमिलोनला नेऊन मासे दाखवले. अखेर 1982 मध्ये बेटाच्या एका बाजूचा पट्टा राखायचं गावानंच ठरवलं आणि पहाराही गावानंच ठेवला. आल्कालांना 1992 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला; त्याच वर्षी तो आपल्या पंडित रविशंकरांनाही मिळाला होता. पुढं ते देशाचे पर्यावरणमंत्री झाले, 2014 मध्ये राष्ट्रीय शास्त्रज्ञ झाले. 2023 मध्ये ते गेले.

माझी मैत्रीण एकदा सुट्टीत आपोला जाऊन आली होती. परतल्यावर सांगत होती, बेटावर आता पाण्यात बुड्या मारायला जगभरचे हौशी प्रवासी येतात, त्यांच्याकडून गाव फी घेतं. ती सांगताना खूश होती, पण थोडी कुरकुरलीही, कारण गर्दी वाढली होती आणि तिच्या मते फी फार कमी होती. हाती चार पैसे आले, तशी तिथल्या कोळ्यांनी पोरं शिकायला दुमागेतेला ठेवली. पूर्वी बेटावरची शाळा संपली की शिक्षण संपायचं. त्या पोरांतली काही आता कॉलेजात जातात, आणि एखाददुसरं तर समुद्राच्याच शास्त्राला.